चोर एक, नावं अनेक!

टोमॅटोवरचा ‘तिरंगा’, केळीवरचा ‘हरण्या’, भेंडीवरचा ‘केवडा’... मावा, पांढरी माशी, तुडतुडे असे इवलेसे किडे हे रोग वाहून नेतात. गावाची, जिल्ह्याची, राज्याची वेस त्यांना अडवत नाही. रोग ओळखणारी माणसं मात्र वर्षानुवर्षं आपापल्या कुंपणात राहिली. ही कुंपणं ओलांडण्याच्या खटपटीची ही कहाणी.

रायपूरजवळचं उरला म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ती धुराडी. लोखंड-पोलादाचे कारखाने, रोलिंग मिल, मालाने लादलेले ट्रक. या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी आलेल्या परगावच्या माणसाला आपण देशाच्या एका मोठ्या भाताच्या कोठारात उभे आहोत, याचा पत्ताही लागत नाही. पण कारखाने मागे पडले की धानाची शेतं सुरू होतात. पीक ऐन भरात असताना मधेच पिवळं पडून करपलेलं एखादं शेत दिसलं आणि काय झालं म्हणून विचारलं, तर बहुतेकदा एकाच शब्दात उत्तर मिळतं : ‘माहो!’

माहो म्हणजे भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषणारा तपकिरी तुडतुडा. पण हाच शब्द थोड्या फरकाने ‘माहू’ म्हणून उत्तर भारतात मोहरीच्या शेतात कानावर पडला, तर तो किडा निराळाच. आपण महाराष्ट्रात ज्याला मावा म्हणतो, तो. दोन किडे, दोन तऱ्हा, उपायही दोन. नाव मात्र जवळजवळ एकच!

आणि याच्या अगदी उलटही घडतं. रोग एकच असतो, पण गावोगावी त्याचं बारसं वेगवेगळं झालेलं असतं. वरकरणी ही शब्दांची गंमत वाटेल. पण या गमतीची किंमत शेतकरी रोख मोजतो आणि मग मंडईत तुम्ही-आम्ही मोजतो. महाराष्ट्राने हा अनुभव घेतला तो २०२० साली.

तीन रंगांचा टोमॅटो

त्या वर्षीचा उन्हाळा कोण विसरेल? कोरोनाची टाळेबंदी लागलेली. रस्ते ओस, बाजार समित्या कधी चालू तर कधी बंद. अशात जुन्नर, संगमनेर, अकोले या टोमॅटोच्या पट्ट्यात शेतकऱ्यांना एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. टोमॅटो एकसारखा लाल होईना. एकाच फळावर लाल, पिवळे आणि हिरवट पट्टे. काही फळांवर चट्टे, काही आतून काळपट आणि कडक. कुणीतरी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं आणि ते नाव वणव्यासारखं पसरलं.

काय झालं असेल, याबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. कुणी बियाण्यावर ठपका ठेवला, कुणी खताच्या मात्रेवर, कुणी हवामानावर. ज्याला जे सुचलं ते त्याने फवारलं. त्यात ‘व्हायरस’ हा शब्द त्या दिवसांत नुसता उच्चारला तरी लोकांच्या छातीत धस्स होत होतं. टोमॅटोतला हा विषाणू माणसालाही घातक असल्याची आवई उठली, टीव्हीवरही झळकली. घाबरलेल्या गिऱ्हाइकाने टोमॅटोकडे पाठ फिरवली. म्हणजे शेतात रोगाने मारलं आणि बाजारात अफवेने!

खरं तर वनस्पतींचे विषाणू माणसाला रोग देत नाहीत. पट्टे पडलेला टोमॅटो चवीला बेचव लागेल, पण तो खाऊन कुणी आजारी पडत नाही. हे ठणकावून सांगायचं, तर आधी शेतात नेमकं काय शिरलंय ते कळायला हवं होतं. आणि तेच तर कळत नव्हतं.

अखेर नमुने गेले बंगळूरला, भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे. हेसरघट्ट्याच्या या संस्थेत विषाणूंच्या तपासणीची सोय आहे. उत्तर आलं : मुख्य आरोपी ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’, म्हणजेच सीएमव्ही. त्याच्या जोडीला आणखीही काही विषाणू. आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारा हमाल? आपला रोजच्या ओळखीचा मावा.

अहवाल हाती येईपर्यंत हंगाम सरत आला होता.

या कथेतला खरा धक्का पुढेच आहे. हा सीएमव्ही महाराष्ट्राला नवा होता का? मुळीच नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीबागांतल्या माणसाला विचारा. केळीच्या कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे, पान आखडलेलं, पोगा सडतोय, असं दिसलं की तो म्हणतो, ‘हरण्या आला.’ हा हरण्या म्हणजे तोच सीएमव्ही. केळीवरच्या या रोगाच्या नोंदी मुंबई इलाख्यात १९४०च्या दशकातच झालेल्या आहेत.

म्हणजे जुन्नरचा ‘तिरंगा’ आणि रावेरचा ‘हरण्या’ एकाच चोराची दोन नावं! खानदेशचा केळीवाला ज्याच्याशी वर्षानुवर्षं झुंजतोय, तोच जुन्नरच्या टोमॅटोवाल्याच्या दारात उभा राहिला आणि कुणाला ओळखू आला नाही. केळीचे तज्ज्ञ केळीत, टोमॅटोचे टोमॅटोत. मधे मावा मात्र बिनदिक्कत दोन्हीकडे हिंडत होता.

मावा म्हणजे पिकांचा डास

मलेरिया, डेंग्यू हे रोग डासांमुळे होतात, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. पिकांच्या जगातही नेमकं असंच चालतं. मावा, पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे यांची तोंडं म्हणजे बारीक सुयाच. रोगट झाडात सुई खुपसायची, रस ओढायचा, उडून निरोगी झाडावर बसायचं, पुन्हा सुई खुपसायची. विषाणू त्या सुईबरोबर आत!

जगात ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली ती भाताच्याच शेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये भाताची रोपं खुरटी राहण्याचा रोग शेतकऱ्यांना छळत होता. हाशिमोतो नावाच्या एका भातशेतकऱ्याने या खुरटण्याचा संबंध तुडतुड्यांशी जोडला. विषाणू या प्रकाराची तेव्हा जगाला पुरती ओळखही नव्हती. प्रयोगशाळेच्या आधी शेतकऱ्याची नजर पोचली होती, हे विसरून चालणार नाही.

पण नुसतं ‘किडा रोग पसरवतो’ एवढं कळून भागत नाही. कुठला किडा, कुठला विषाणू, हे कळायला हवं. कारण प्रत्येक जोडीची चाल वेगळी.

सीएमव्हीचं उदाहरण घ्या. माव्याने रोगट पानात सुई खुपसली की काही सेकंदांत विषाणू सुईला चिकटतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट उतरतो. शेतकरी कीटकनाशक फवारतो. मावा मरतोही. पण मरण्याआधी दोन-चार झाडांना टोचून त्याने आपलं काम उरकलेलं असतं. उलट औषधाने बिथरलेला मावा एका जागी न बसता जास्तच झाडं पालथी घालतो. म्हणजे फवारणीचा खर्च गेला, रोग तसाच. या विषाणूला आवर घालायचा तर मावा शेतात शिरण्याआधीच काही करायला हवं.

पांढऱ्या माशीची गोष्ट निराळी. भेंडीचा केवडा, सोयाबीन-मूग-उडदाचा पिवळा मोझॅक, टोमॅटो आणि मिरचीचा चुरडामुरडा हे तिचे उद्योग. तिला विषाणू घ्यायला काही मिनिटं रस ओढत बसावं लागतं. मग तो तिच्या पोटातून फिरून लाळेत यायला काही तास जातात. मात्र एकदा का तो लाळेत आला, की माशी बरेच दिवस, कधी जन्मभर, रोग वाटत फिरते. इथे माशांची संख्या वेळीच रोखली तर उपयोग होतो.

फुलकिड्यांची तऱ्हा तर याहून विचित्र. टोमॅटो आणि भुईमुगाचे शेंडे जाळणारा विषाणू फुलकिड्याला फक्त बाळपणीच घेता येतो. पिल्लू असताना रोगट पानावर पोसला गेला, तरच तो मोठेपणी रोग पसरवतो.

म्हणजे पान पिवळं दिसलं, दुकानात गेलो, दुकानदाराने दिलेली बाटली आणून फवारली, हा हिशेब इथे साफ चुकतो. रोगाचं नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. माणसाच्या डॉक्टरला लागू असलेला हा नियम पिकालाही तसाच लागू आहे.

पुण्याची नजर, परभणीचं बियाणं

नाव कळलं की काय होतं, याचा सुंदर दाखला आपल्या मराठी मुलखातच आहे. तो तुमच्या घरच्या भेंडीच्या भाजीशी निगडित आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होतात, मग पानं आणि शेवटी फळंही पिवळी पडतात. हाच केवडा. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली जी. एस. कुलकर्णी यांनी केली. पुढे पुण्यात बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर या शास्त्रज्ञांनी १९४० साली हा विषाणूचा रोग असल्याचं दाखवून त्याला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिलं. आणि कपूर-वर्मा या जोडीने १९५०च्या सुमारास पांढऱ्या माशीला पुराव्यानिशी पकडलं. ना इलेक्ट्रॉनिक यंत्रं, ना संगणक. जाळीचे पिंजरे, कुंड्यांतली रोपं, मोजून सोडलेल्या माशा आणि अफाट चिकाटी, एवढ्यावर ही मंडळी लढली. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुण्यातलं केंद्र ही परंपरा आजही चालवत आहे. पपईवरच्या रिंगस्पॉटसारख्या विषाणूंचा अभ्यास तिथे होतो.

चोर सापडला, पण त्याला रोखणार कसं? उत्तर परभणीने दिलं. तिथल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी ‘पुसा सावनी’ या लोकप्रिय भेंडीचा संकर तिच्या एका रानटी नातेवाइकाशी केला. रानटी भेंडी खायला कामाची नाही, पण केवड्याला ती दाद देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत १९८५ साली जे वाण बाहेर आलं, त्याचं नाव ‘परभणी क्रांती’. केवड्याने हैराण झालेल्या भेंडीवाल्यांच्या शेतात या नावाने खरोखरच क्रांती केली.

गोष्ट इथे संपली असती, तर किती बरं झालं असतं! पण विषाणूही गप्प बसत नाही. तो रूप बदलतो. काही वर्षांनी अनेक ठिकाणी परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. मुद्दा असा, की निदान हे एकदा करून कपाटात ठेवायचं काम नाही. ते दर हंगामात आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी करावं लागतं. कोल्हापुरात दिसलेला बदल नागपूरला त्याच मोसमात कळला, तरच त्याचा उपयोग.

पिवळं ते सगळं मोझॅक नव्हे

सप्टेंबर २०२३. विदर्भ-मराठवाड्यात ऐन शेंगा भरण्याच्या वेळी सोयाबीनची शेतं बघता बघता पिवळी पडली. पिवळ्या मोझॅकचा कहर झाला होता. पंचनाम्यांचे आदेश निघाले. पण कृषी शास्त्रज्ञ बांधावर गेले, तेव्हा चित्र इतकं सरळ नव्हतं. कुठे पिवळा मोझॅक होता, तर कुठे मूळकूज आणि खोडकूज. कुठे दोन्ही हातात हात घालून आले होते.

दुरून सगळंच पिवळं. पण मोझॅक पांढरी माशी आणते, तर मूळकूज मातीतली बुरशी. एकावर माशीचा बंदोबस्त हवा, दुसरीवर बीजप्रक्रिया आणि पाण्याचा निचरा. शिवाय लोह कमी पडलं तरी सोयाबीन पिवळं पडतं आणि खोडमाशीने पोखरलं तरी. चार कारणं, एकच रंग! रस्त्यावरून पाहून निदान करणारा इथे हमखास फसतो.

फसवणूक उघडी पाडणाऱ्या चाचण्या आज आहेत. ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द कोरोनाने घराघरांत पोचवला. तीच तपासणी पानाच्या तुकड्यावरही होते. त्याआधीपासून १९७७च्या सुमारास वनस्पतींसाठी रुळलेली ‘एलायझा’ चाचणी आहे. टिशू कल्चरची केळीची रोपं विकण्यापूर्वी त्यांत विषाणू नाही ना, हे तपासून प्रमाणपत्र देण्याची राष्ट्रीय व्यवस्था २००६पासून आहे. पण या चाचण्या प्रयोगशाळेत होतात आणि रोग शिवारात असतो. या दोघांमधलं अंतर कसं तोडायचं, हा खरा प्रश्न आहे.

बरोंड्याचं उत्तर

या प्रश्नाने आपल्याला पुन्हा रायपूरला आणून सोडलं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत. १९५६पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. आजही गोंदिया-गडचिरोलीचा धानपट्टा छत्तीसगडला खेटून आहे. शेतातल्या किड्याला त्यामधली सीमा ठाऊक नाही.

याच रायपूर जिल्ह्यात, बरोंडा इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१२ साली एक संस्था सुरू केली : राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था. नाव जड वाटेल, अर्थ सोपा आहे. पिकाला दोन तऱ्हेचे ताण असतात. दुष्काळ, उष्णता, खारट जमीन हा अजैविक ताण. त्याच्या अभ्यासाची संस्था आपल्या बारामतीजवळ माळेगावला आहे. आणि कीड, रोग, तण असे जिवंत शत्रू म्हणजे जैविक ताण. त्याची जबाबदारी रायपूरकडे. या दोघी सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. रायपूरच्या संस्थेचं नवं आवार २८ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशाला अर्पण झालं.

या संस्थेची मांडणी पाहण्यासारखी आहे. ती कुठल्या एका पिकासाठी नाही. भाताची संस्था वेगळी, केळीची वेगळी, संत्र्याची वेगळी, अशी आपल्याकडची रीत. इथे मात्र विभाग पाडले आहेत ते पिकांची प्रतिकारशक्ती, पीक-आरोग्याचं जीवशास्त्र, पीक-आरोग्याचं व्यवस्थापन आणि पीक-आरोग्याचं धोरण असे. म्हणजे नजर पिकावरून काढून शत्रूवर आणि झाडाच्या तब्येतीवर ठेवायची. टोमॅटो आणि केळी यांच्यामधली भिंत इथे मुळातच नाही. ‘तिरंगा’ आणि ‘हरण्या’ यांची ओळखपरेड एकाच खोलीत व्हावी, हेच अशा संस्थेचं खरं काम.

शेजारीच रायपूरचं इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. तिथे भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा खजिना जपलेला आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून जमवलेली हजारो गावठी वाणं हा त्याचा पाया. परभणीने रानटी भेंडीतून जे मिळवलं, तसं काही या गावठी भातांतही दडलेलं असू शकतं. उद्याच्या एखाद्या रोगावरचा उतारा कदाचित तिथल्याच एखाद्या पाकिटात आज झोपलेला असेल.

भाताच्या बाबतीत एकत्र येण्याचं मोल जगाला आधीच कळलंय. हिरवे तुडतुडे पसरवतात तो ‘टुंग्रो’ हा रोग. इंडोनेशियात त्याला ‘मेन्टेक’ म्हणत, मलेशियात ‘पेन्याकित मेराह’, फिलिपाईन्समध्ये ‘टुंग्रो’. जमिनीतच काही दोष असावा, अशी समजूत काही ठिकाणी कित्येक वर्षं घट्ट होती. फिलिपाईन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात काम झालं आणि उलगडा झाला, की हा तुडतुड्यांनी पसरवलेला विषाणूचा रोग आहे आणि देशोदेशींची ही दुखणी मुळात एकच आहेत. पाठोपाठ १९६९ साली उत्तर प्रदेश, बिहारकडे टुंग्रोची मोठी साथ आली, तेव्हा निदान रोगाचं नाव तरी ठाऊक होतं.

आपल्या देशात १९६५ साली हैदराबादहून अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला, तोही याच विचाराने. एकच वाण देशातल्या अनेक केंद्रांवर एकाच पद्धतीने पेरायचं आणि कुठे कोणता रोग त्याला गाठतो, याची एकत्र नोंद ठेवायची. टुंग्रोला तोंड देणारं ‘विक्रमार्य’ हे वाण या भातसंशोधनाचंच फळ.

महाराष्ट्राने घालून दिलेला धडा

माहिती एकत्र आली तर काय होतं, हे महाराष्ट्रानेही करून दाखवलंय. २००८च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी थैमान घातलं. संकट इतकं अचानक आलं, की सरकार, विद्यापीठं आणि शेतकरी सगळेच गाफील सापडले. त्यातून शहाणं होऊन पुढच्याच वर्षी राज्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू केला.

पद्धत साधी. ठरलेल्या गावांत, ठरलेल्या शेतांत सर्वेक्षक नियमाने जातात, पानं उलटून किडे मोजतात. आकडे संगणकावर चढतात. कृषी विद्यापीठांचे आणि केंद्रीय संस्थांचे शास्त्रज्ञ ते पाहतात. धोक्याची पातळी ओलांडली, की त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सल्ला जातो. कृषी खातं, विद्यापीठ, दिल्लीची एकात्मिक कीड व्यवस्थापन संस्था आणि गावातला सर्वेक्षक असे चार ठिकाणचे चार जण एकच वही वाचू लागले, यात सगळं आलं. पुढे १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. त्यात शेतकरी मोबाईलवर पिकाचा फोटो काढून पाठवतो आणि संगणक कीड ओळखायला मदत करतो.

अर्थात फोटो म्हणजे सर्वस्व नव्हे. अळी फोटोत ओळखू येते, विषाणू येत नाही. दोन वेगळे विषाणू पानावर हुबेहूब सारखी नक्षी काढतात. तिथे पानाचा तुकडा प्रयोगशाळेत जायलाच हवा आणि उत्तर हंगाम सरण्याच्या आत परत यायला हवं. २०२० साली उणीव राहिली ती इथेच. तज्ज्ञ होते, यंत्रं होती, उत्तरही मिळालं. फक्त ते वेळेत मिळालं नाही.

वेळ दवडला तर काय होतं, हे इटलीला विचारावं. २०१३ साली दक्षिण इटलीत ऑलिव्हची झाडं वाळू लागली. रसशोषक किड्याने पसरवलेला ‘झायलेला’ नावाचा जिवाणू हे त्याचं कारण निघालं. रोगट झाडं तोडा, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. लोकांचा विश्वास बसेना. आंदोलनं झाली, प्रकरणं कोर्टात गेली. तोवर किडा पुढे सरकत राहिला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली लाखो झाडं गेली. निदान बरोबर असून भागत नाही, ते लोकांना पटवून देणारं माणूसही लागतं.

आपल्या हातात काय?

शेती असणाऱ्यांसाठी काही गोष्टी आजही हाताशी आहेत. सुरुवातीला एखाद-दुसरं झाड रोगट दिसलं, की मोह न धरता ते उपटून पुरून टाकावं. विषाणू झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारं औषध नाही. रोपवाटिकेवर बारीक जाळी लावावी. पांढरी माशी आणि माव्यासाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत. टोमॅटोभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लावल्या, तर बाहेरून येणारा मावा आधी तिथे टेकतो आणि सुई तिथेच पुसली जाते. केळीत काकडी, भोपळा, मिरची अशी आंतरपिकं टाळावीत, कारण सीएमव्ही तिथे आयताच मुक्काम ठोकतो. बांधावरचं तणही त्याचं आवडतं घर.

नमुना पाठवायचा तर कोवळी, लक्षणं दिसणारी पानं तीन-चार झाडांवरून घ्यावीत. ओली करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. कागदात गुंडाळून पीक, वाण, लागवडीची तारीख आणि गाव लिहावं. सोबत एक निरोगी पानही ठेवावं. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रं आहेत, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक. पहिली पायरी तीच. शंका विचारायला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांची शेती बाल्कनीतल्या चार कुंड्यांपुरती आहे, त्यांनीही मिरचीचं पान चुरगळलेलं दिसलं तर उलटं करून पाहावं. खाली इवल्याशा पांढऱ्या माशा उडाल्या, तर चोर सापडला म्हणून समजा. एवढं जरी घरातल्या मुलांना दाखवलं, तरी पुढच्या वेळी टोमॅटोच्या ‘व्हायरस’ची आवई उठेल, तेव्हा ती घाबरणार नाहीत.

उरल्याच्या कारखान्यात एखादं यंत्र बिघडलं, की सगळं काम थांबतं. नेमका कुठला भाग गेलाय ते शोधल्याशिवाय कुणी हातोडा उचलत नाही. शेतात मात्र आपण आधी पंप पाठीवर घेतो आणि मग बिघाड शोधत बसतो. पलीकडच्या धानातला शेतकरी ‘माहो’ म्हणेल, गोंदियाचा ‘तुडतुडा’ म्हणेल, रावेरचा ‘हरण्या’ आणि जुन्नरचा ‘तिरंगा’. त्यांनी आपापली नावं खुशाल ठेवावीत. फक्त या सगळ्या नावांची एकच वही कुठेतरी लिहिली जावी आणि ती पीक उभं आहे तोवर उघडली जावी.